स्वयंपाकघरातली स्वच्छ काच

माझ्या लॅपटॉपमध्ये दोन रकान्यांचा एक तक्ता आहे. डाव्या रकान्यात एका स्पॅनिश वास्तुविशारद बाईंची कारकीर्द वयानुसार मांडलेली आहे, उजव्या रकान्यात माझी. त्या पंचविसाव्या वर्षी पदवीधर झाल्या. मी चोविसाव्या वर्षी स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं एम.टेक. पूर्ण केलं, म्हणजे त्या ओळीत मी एका वर्षाने पुढे होते. त्यांनी बत्तिसाव्या वर्षी स्वतःचं कार्यालय काढलं. माझ्या रकान्यात तिथे अजून काही नाही. असा तक्ता करणं हास्यास्पद आहे हे मला तो करतानाही कळत होतं. पण डोंबिवली पूर्वेच्या ज्या दोन खोल्यांत मी वाढले, तिथे कोणाचंही आयुष्य असं ओळीने मांडण्यासारखं नव्हतं. वडील ज्या टेबलावर नोकरीला लागले, त्याच्या शेजारच्या टेबलावरून निवृत्त झाले. स्वतःला मोजायला मला काहीतरी माप हवं होतं आणि ते मी परदेशातून मागवलं.

बाईंची कारकीर्द मला पाठ होती. कोरड्या, उंच पठारावरच्या गावात जन्म. वडील गिलाव्याचं काम करणारे. वास्तुकलेची पदवी राजधानीत. पहिली नोकरी तपासनीसाची. त्यांच्या देशात एके काळी कामगारांच्या वसाहती फार घाईने बांधल्या गेल्या, आणि त्यांतल्या अनेक इमारतींच्या तुळयांत असं सिमेंट वापरलं गेलं, जे चटकन घट्ट होतं पण दमट हवेत काही दशकांनी ताकद गमावतं. तरुणपणी बाई घरोघर जाऊन तुळयांना बारीक भोकं पाडत, पूड गोळा करत आणि कुठलं घर राहण्याजोगं आहे, कुठलं नाही, हे लिहून देत. मग स्वतःचं कार्यालय, दोन गृहप्रकल्प, एक पारितोषिक. मग देशातली बांधकामंच थांबली आणि कार्यालय बंद पडलं. त्यापुढची चार वर्षं कोरी. आणि मग एकदम विद्यापीठ: प्रबंध, प्राध्यापकपद, विभागप्रमुखपद, आणि जुन्या वसाहती न पाडता कशा दुरुस्त कराव्यात हे आठ इमारतींच्या उदाहरणांतून दाखवणारं पुस्तक. त्या पुस्तकाची खरी ख्याती रेखाटनांमुळे झाली. भिंती आणि तुळया तर त्यांत होत्याच, पण प्रत्येक घरातला पलंग, खुर्च्या, भांड्यांची मांडणी, दारामागे टांगलेली छत्री हेही मापून काढलेलं होतं. मधल्या चार वर्षांपुढे मी तक्त्यात ‘चिंतन, लेखन?’ असं लिहून ठेवलं होतं.

मी ठाण्यातल्या एका लहानशा कन्सल्टन्सीत काम करते. जुन्या इमारती तपासून त्या किती धोकादायक आहेत याचा अहवाल देणं हे आमचं मुख्य काम. त्या अनुभवाच्या बळावर मी बाईंना पत्र लिहिलं. तुमच्या हाताखाली पीएच.डी. करायची आहे, असं. उत्तर तीन ओळींचं आलं. कल्पना सगळ्यांकडेच असतात, तुझ्याकडे इमारत आहे का, असा त्याचा आशय होता.

माझ्याकडे इमारत होती. वर्तकनगरच्या एका जुन्या वसाहतीतली, चार मजली, सोळा घरांची. तिच्या पहिल्या मजल्यावर माझी मावशी राहत होती. मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. काका गेल्यानंतर ती एकटीच असे. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी तिच्याकडेच राहून काढली होती. ठाण्याचं कॉलेज तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. भौतिकशास्त्रातलं माझं जे काही पक्कं झालं, ते तिच्या स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसून.

शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहणार होता. त्याच्या तळघरासाठी खोल खड्डा खणला गेला आणि काही महिन्यांत मावशीच्या इमारतीत भेगा दिसू लागल्या. जिन्यात चार ठिकाणी, मावशीच्या स्वयंपाकघरात दोन. सोळा घरांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: राहायचं की निघायचं? दुरुस्ती होण्यासारखी असेल तर सगळे राहणार होते. नसेल तर इमारत रिकामी करावी लागणार होती, आणि रिकामी झालेली इमारत पुन्हा त्याच माणसांनी भरते असा आमच्या धंद्यातला अनुभव नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी तपासणीचं काम आमच्या कार्यालयाला दिलं, कारण मी मावशीची भाची होते.

अशा वेळी भेग केवढी आहे यापेक्षा ती वाढते आहे का, हे आधी पाहावं लागतं. त्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवायची. काच ताणली जात नाही. भिंत जराशी जरी सरकली तरी पट्टी तडकते. म्हणजे तडकलेली पट्टी हाच निरोप असतो. ऑगस्टमध्ये मी सहा पट्ट्या बसवल्या, प्रत्येकीवर मार्करने क्रमांक आणि तारीख घातली आणि मावशीला सांगितलं, “या काचा सांभाळ हं. कुणाला हात लावू देऊ नकोस.” खाली रिक्षा थांबवलेली होती. त्याहून एक वाक्य जास्त बोलायला मला वेळ नव्हता.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी जाऊन पट्ट्या पाहत असे. सहाही अखंड. प्रत्येक वेळी मी फोटो काढत असे, वहीत ‘हालचाल नाही’ असं लिहीत असे आणि मावशीच्या हातचं खाऊन परतत असे. दिवाळीत तर चार दिवस तिथेच राहिले. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारचं निरीक्षण झाल्यावर मी अहवाल पूर्ण केला: पायाचं खचणं थांबलेलं दिसतं, भेगा निजलेल्या आहेत, म्हणजे वाढत नाहीत, रहिवाशांना न हलवता दुरुस्ती शक्य आहे. कार्यालयातल्या माझ्या वरिष्ठांनी वाचून मान डोलावली. खाली सही माझी होती. तो माझ्या स्वतंत्र सहीचा पहिला अहवाल होता.

“आमच्या बिल्डिंगची डॉक्टरीण,” सेक्रेटरीकाका जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले. “पेशंट ठणठणीत आहे म्हणते. मलमपट्टी केली की झालं.”

जानेवारीच्या शेवटी बाई मुंबईत एका परिषदेला आल्या आणि तीन दिवस काढून माझी इमारत पाहायला ठाण्याला आल्या. साठीच्या पुढच्या, बारीक, केस अगदी आखूड कापलेले, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मोजपट्टी. सेक्रेटरीकाका फाटकाशी स्वागताला उभे होते.

“फुटबॉलवाल्या देशाच्या ना या?” त्यांनी मला विचारलं. “त्यांना सांग, आमच्याकडे पण मॅच टाय आहे. बिल्डर एक, आम्ही एक.”

मी भाषांतर केलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, शेवटचा गोल कोण करतं ते बघू. त्यांचं आणि माझं बोलणं इंग्रजीत चाले. दोघींनीही ती भाषा शिकून घेतलेली, त्यामुळे दोघीही जपून बोलायचो. मी मावशीला ‘मावशी’ म्हणते हे ऐकून बाईंना ते तिचं नावच वाटलं आणि त्याही तिला तशीच हाक मारू लागल्या.

“वयाने माझ्याच बरोबरीची दिसते,” मावशी मला हळूच म्हणाली. “पण म्हणू दे. आता कुठे सांगत बसतेस.”

मावशीने साबुदाण्याचे वडे तळले होते. बाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या, वही काढली, आणि बोलता बोलता ओटा, मांडणी, देव्हारा काढू लागल्या. मध्येच त्या उठल्या. देव्हाऱ्याच्या वरच्या बाजूला, भेगेवर माझी पट्टी होती. त्यांनी भिंतीवरच्या शेजारच्या टाइलवरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. ते पिवळट, चिकट झालं होतं. मग त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. ते कोरडं आणि स्वच्छ राहिलं.

“ही किती दिवसांची?”

“सहा महिन्यांची.”

“नाही,” त्या म्हणाल्या. “या घरात रोज तेल तापतं. ही काच सहा महिन्यांची असू शकत नाही.”

त्यांचा आवाज वर चढलेला नव्हता. मी मावशीकडे वळले. काय चाललं आहे हे तिने विचारलं आणि मी सांगितल्यावर ती मोकळेपणाने म्हणाली, “अगं, बरोबर आहे त्यांचं. नवीच आहे ती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बसवली.”

“नवी म्हणजे?”

“आधीची तडकली ना. मग कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडून तश्शीच कापून आणली. तू म्हणाली होतीस ना, सांभाळ म्हणून. आणि फुटकी काच मी देवाच्या डोक्यावर ठेवणार होय?”

“मावशी, मला सांगितलं का नाहीस?”

“त्यात सांगायचं काय? तुझा प्रयोग बिघडायला नको, म्हणून नंबर आणि तारीखसुद्धा तुझीच घातली वरती. बघ, अक्षर ओळखू येतंय का?”

ओळखू येत नव्हतं. चाळीस वर्षं फळ्यावर कित्ता घालून देणाऱ्या मावशीने माझ्या अक्षराचा कित्ता गिरवला होता. बाई भाषांतराची वाट पाहत होत्या. दोनच वाक्यं होती, पण ती मला तीनदा सुरू करावी लागली. ऐकून बाईंनी सुरी मागितली आणि पट्टीच्या टोकाचं पांढरं सिमेंट हलकेच खरवडलं. त्याखाली नळाच्या जोडाला लावतात ती करडी लांबी, म्हणजे पुट्टी, होती. लांबीत जुन्या काचेची एक कड रुतलेली होती, आणि तिच्याखाली आणखी एक.

“तीनदा बदलली ही,” मावशी म्हणाली. “जिन्यातल्या दोन एकेकदाच.”

पट्टी काढली. ऑगस्टमध्ये त्या भेगेची रुंदी केसाएवढी होती असं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. आता तिच्यात एक रुपयाचं नाणं कडेने शिरलं.

चूक कुठे झाली हे मी पुढे अनेकदा मांडून पाहिलं आहे, आणि ते फार गुंतागुंतीचं नाही. भेगेची रुंदी मोजायचं साधं कार्ड माझ्या पिशवीत दर वेळी होतं. पट्टी अखंड आहे तर रुंदी कशाला मोजायची, असं म्हणून मी ते बाहेर काढलं नाही. तडकलेली पट्टी काय सांगते हे मी मावशीला समजावून सांगितलं नव्हतं, कारण तिला ते कळण्याची गरज आहे असं मला वाटलं नव्हतं. आणि काच स्वच्छ आहे हे मला दिसत होतंच. मला हवं ते उत्तर त्या काचेत होतं, म्हणून मी तिच्याकडे फक्त तेवढ्यापुरतं पाहत होते. यातलं कुठलंही कारण मावशीच्या श्रद्धेपाशी जाऊन थांबत नाही. तिने तिचं काम चोख केलं होतं.

त्या संध्याकाळी बाईंना आमच्या डोंबिवलीच्या घरी जेवायला न्यायचं ठरलेलं होतं. आईने सकाळपासून तयारी केली होती. ते रद्द करणं शक्य नव्हतं. शीळफाट्याला गाडी अडकली. पुढे कंटेनर, दोन्ही बाजूंना कंटेनर, आणि त्यांच्या मधल्या फटीतून शेंगदाणेवाले आणि पाण्याच्या बाटल्यांचे विक्रेते. चालकाने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून उभा राहिला. मग मी जे विचारलं, ते विद्यार्थिनीने विचारण्यासारखं नव्हतं.

“त्या चार वर्षांत तुम्ही काय केलंत?”

कुठली चार, हे त्यांनी विचारलं नाही.

“माणसं शोधत होते,” त्या म्हणाल्या.

कार्यालय बंद पडल्यावर त्या पोटासाठी पुन्हा जुन्या तपासणीच्या कामाकडे वळल्या होत्या. एका औद्योगिक गावातली पाच मजली इमारत त्यांच्याकडे आली. तुळयांची पूड तपासली, आकडे वाईट होते, आणि त्यांनी इमारत रिकामी करा असं लिहून सही केली. माणसं तीन आठवड्यांत निघाली. इमारत पाडली गेली.

“त्या ढिगाऱ्यात मी दोन दिवस हिंडले,” त्या म्हणाल्या. “काही तुळया मी हाताने मोडल्या. काही हातोड्यानेसुद्धा मोडल्या नाहीत. वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहायचे. त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं होतं. पहिल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांची मुलगी मला भेटायला आली. ती चिडली असती तर सोपं होतं. तिने शांतपणे, माहिती हवी म्हणून विचारलं, ती इमारत अजून किती वर्षं उभी राहिली असती?”

“मग?”

“मग काय? तुझ्याकडे आहे उत्तर?”

आमचा अहवाल चुकीचा ठरला तर त्याचा पुरावा सगळ्या जगाला दिसतो. बरोबर ठरला तर पुरावाच उरत नाही, कारण इमारत उरत नाही. असा प्रयोग दुसऱ्यांदा करून पाहता येत नाही.

त्यानंतर बाईंनी कुठल्याही कागदावर सही केली नाही. हातात जुन्या रहिवाशांची यादी घेऊन त्या चार वर्षं गावोगाव फिरल्या. जो सापडेल त्याच्यासमोर बसून त्याचं गेलेलं घर आठवेल तसं मापात काढायचं. खुर्ची कुठे होती, छत्री कुठे टांगायचात. रेखाटनांची सुरुवात तिथे झाली.

“लोक आता त्याला पद्धत म्हणतात,” त्या म्हणाल्या. “विद्यार्थी त्यावर निबंध लिहितात. ती इमारत माझ्या पुस्तकात नाही. पुस्तकात वाचवलेल्या आठ आहेत. आणि विद्यापीठात मी विचार करायला गेले असं सगळ्यांना वाटतं. विद्यापीठात सही मागत नाहीत, म्हणून गेले.”

बाहेर हॉर्न वाजायला लागले. चालक धावत येऊन गाडीत बसला. गाडी थोडी पुढे सरकून पुन्हा थांबली.

“मग इथे काय करायचं?” मी विचारलं.

“तुला माहीत आहे.”

“तुम्ही सोबत लिहिलंत तर लोक ऐकतील.”

“मला या देशात सही करण्याचा अधिकार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि खरं सांगू, त्याचं आज मला बरं वाटतंय. बोलायला हे चांगलं नाही. पण तू विचारलंस.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. ज्या रकान्याच्या मागे मी सहा वर्षं धावत होते, त्यातली सर्वांत ठळक ओळ ही एका माणसाने काढलेला पळ होता. मला त्यांचा राग आला. त्यांनी नाकारलेलं काम तीन दिवसांनी मला करायचं होतं.

पुढचे दोन दिवस आम्ही मावशीच्या घरी होतो. बाईंनी घर मापून काढलं. मोजपट्टीचं दुसरं टोक मावशीने धरलं होतं. भाषा नसताना त्या दोघींचं काय चाललं होतं कोण जाणे, पण आतून हसण्याचा आवाज येई. मी बाहेरच्या खोलीत मावशीच्या भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसले होते. ज्या ज्या दिवशी तिने पट्टी बदलली, त्या तारखेच्या चौकोनात तिने ‘काच’ असं लिहून ठेवलं होतं, जसं ती ‘गॅस’ किंवा ‘गिरणी’ लिहीत असे. माझ्या सहा महिन्यांच्या निरीक्षणांत नव्हती ती सगळी माहिती त्या चौकोनांत होती. स्वयंपाकघरातली पहिली काच तीन महिने टिकली होती. दुसरी सात आठवडे. तिसरी तीन आठवडेसुद्धा नाही. मी आलेख काढला. तो काढायला पदवीची गरज नव्हती.

मी वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, “आधीचा अहवाल लेखी मागे घे. पालिकेला आजच कळव. आणि सभेला तू स्वतः जा.”

बाई शनिवारी संध्याकाळी गेल्या. सभा रविवारी सकाळी होती. सेक्रेटरीकाकांनी ती नेहमीप्रमाणे गच्चीवर ठेवली होती. मी निरोप पाठवला की गच्चीवर गर्दी करू नका, खाली आवारात भरवा. त्या निरोपानेच बऱ्याच जणांना सभेचा विषय कळला.

मी उभी राहिले आणि सांगितलं: भेगा वाढत आहेत, वाढण्याचा वेग वाढतो आहे, आधीचा अहवाल मी मागे घेते आहे, इमारत रिकामी करावी लागेल. चारच वाक्यं होती.

“पंधरा दिवसांपूर्वी तूच सही केलीस ना गं?” सेक्रेटरीकाकांनी विचारलं. आज ते विनोद करत नव्हते.

“हो काका. ती चुकीची होती.”

“मग आत्ताची बरोबर कशावरून?”

या प्रश्नाची मी तयारी केली होती. आलेखाच्या प्रती काढून आणल्या होत्या. त्या कुणी हातात घेतल्या नाहीत.

“ती फॉरेनची बाई आली आणि तीन दिवसांत आमची बिल्डिंग आजारी पडली,” तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू म्हणाल्या. “तिच्याआधी काय झालेलं आम्हाला?”

“अरे, सरळ विचारा ना,” मागून एकजण ओरडला. “बाजूच्या बिल्डरने किती दिले? अपना आदमी समजके आत घेतलं, आणि हे.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी उठली. तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि वर्गात उभी असल्यासारखी बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“तिला काही बोलू नका. काचा मी बदलत होते. तिला न सांगता. जिन्यातल्यासुद्धा. तडकल्या की मी नव्या लावायचे. म्हणून तिला काही कळलं नाही.”

तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच काकू म्हणाल्या, “अहो बाई, तुम्ही शिकलेल्या ना?”

मावशी खाली बसली. त्या आवारातल्या निम्म्या मुलांना तिने बाराखडी शिकवली होती. त्यांतलं कुणी तिच्या बाजूने बोललं नाही. मीही नाही. मी तेव्हाच पुढे होऊन सांगायला हवं होतं की चूक माझी आहे, कार्ड माझ्या पिशवीत होतं. ते मी नंतर सांगितलं, पालिकेला पाठवलेल्या पत्रात, अगदी व्यवस्थित, परिच्छेद पाडून. पण आवारात त्या क्षणी मी आलेखाच्या प्रती नीट रचत उभी राहिले. मावशीने माझ्यासाठी दिलेली आड मी घेतली.

मार्चअखेर इमारत रिकामी झाली. सेक्रेटरीकाका कोकणातल्या गावी गेले, काही कुटुंबं कल्याणला, काही आणखी पलीकडे. मावशीला शीळफाट्याच्या अलीकडे एका नव्या टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर भाड्याची जागा मिळाली. इमारत पडली नाही. मे महिन्यात ती पाडली गेली. मी सकाळीच जाऊन उभी राहिले होते. जिना खाली यायला मशिनला बराच वेळ लागला. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. फाटकाशी उभ्या असलेल्या जुन्या रहिवाशांतल्या एकाने माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

बाईंनी रेखाटन पक्कं करून पाठवलं: मावशीचं घर, एकास पन्नास प्रमाणात, शाईत. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की पुढच्या वर्षी त्या निवृत्त होत आहेत, शेवटची विद्यार्थिनी म्हणून मला घ्यायला तयार आहेत, आणि विषय आता दुरुस्ती हा असू शकत नाही हे मला कळलंच असेल. मी होकार कळवला. सप्टेंबरमध्ये जाणार आहे. तक्त्याच्या डाव्या रकान्यात त्या चार वर्षांपुढचं ‘चिंतन, लेखन?’ मी खोडलं. उजव्या रकान्यात यंदाच्या वयापुढे काय लिहावं हे अजून ठरलेलं नाही.

रेखाटन मी मावशीला नेऊन दिलं. ते भिंतीवर लावायला तिने साफ नकार दिला. “गेलेल्या माणसाचा फोटो लावतात तसं वाटेल,” ती म्हणाली आणि गुंडाळी कपाटावर ठेवून दिली. त्या घरात भिंती अगदी कोऱ्या आहेत. तिचा देव्हारा ठेवायला जागा नाही म्हणून देव एका ताटात असतात. शेजारी कोण राहतं ते तिला ठाऊक नाही. वर्तकनगरच्या बायकांपैकी कुणाचा फोन येत नाही. मी दर शनिवारी जाते. इमारत अजून किती वर्षं टिकली असती असं ती एक दिवस विचारणार, अशी माझी खात्री होती. मी उत्तर तयार ठेवलं होतं. आलेख कुठवर विश्वासार्ह आहे आणि कुठून पुढे नाही, हे समजावून सांगणारं.

तिने ते कधीच विचारलं नाही. गेल्या शनिवारी मात्र मी पोहोचले तेव्हा ते रेखाटन तिने जमिनीवर पसरलेलं होतं. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवलेल्या होत्या.

“इकडे ये,” ती म्हणाली. “धनत्रयोदशीला मी पहिल्यांदा काच बदलली. तू दुसऱ्या दिवशी आलीस. चार रात्री होतीस.” तिने कागदावर बोट ठेवलं. “बाहेरच्या खोलीत उकडतं म्हणून स्वयंपाकघरात गादी टाकली होतीस. इथे. डोकं इकडे केलं होतंस.”

“हो.”

“आणि काच इथे. ही भिंत.” तिने दुसरं बोट ठेवलं. “मला हे आत्ता, इथे आल्यावर सुचलं. रोज रात्री सुचतं. मी ती काच पुसून, नीट बसवून, तुझं अंथरूण तिथे घातलं. माझ्या हाताने.”

मी काहीतरी बोलले. असं काही झालं नाही ना, असंच काहीतरी. तिने ते ऐकलं नाही.

“किती अंतर होतं गं मध्ये?” तिने विचारलं.

माझ्या पिशवीत मोजपट्टी असतेच. मी गुडघे टेकून बसले आणि तिच्या दोन बोटांमधलं अंतर मोजलं. तीन सेंटिमीटर, एकास पन्नास प्रमाणात.

“दीड मीटर,” मी म्हणाले.

तिने मान हलवली, वाट्या उचलल्या आणि कागद पुन्हा गुंडाळायला घेतला. एका बाजूने मी धरला.